साडेअकरा फुटांचा माणूस

नानांची उंची पाच फूट चार इंच. बूट घातले की पाच. तरी कुणाच्याही घरी गेले की ते पहिल्यांदा मान वर करतात.

मागच्या दिवाळीच्या सुमारास इथल्या एका मित्राच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पाहुणे ओट्याच्या ग्रॅनाइटवरून हात फिरवत होते, बायका कोठीची खोली बघून हेवा लपवत होत्या, आणि नाना एकटेच बाहेर उन्हात उभे राहून छपराच्या कडेकडे बघत होते. मला म्हणाले, "दहा फूट असेल नसेल. मी नाही जाणार हिच्याखालून." मी काही विचारलं नाही. नाना हल्ली 'मी' म्हणतात तेव्हा स्वतःला साडेअकरा फूट धरतात, हे फिनिक्सच्या अख्ख्या मराठी मंडळाला ठाऊक आहे. ती त्यांच्या आरव्हीची उंची. टपावरच्या एसीसकट.

आरव्ही म्हणजे रिक्रिएशनल व्हेइकल, चाकांवरचं घर. अमेरिकेत त्यातही वर्णव्यवस्था आहे. 'ए' वर्गातली आपल्या एसटीएवढी, पुढे सपाट काच. 'बी' वर्गातली म्हणजे साध्या व्हॅनमध्ये संसार कोंबलेला. आणि मापाने दोन्हींच्या मधली असूनही जिला 'सी' म्हणतात ती, ट्रकच्या चासीवर बांधलेली. ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला एक पोटमाळा, त्यावर गादी. विक्रेत्याने नानांना तिन्ही दाखवल्या. नाना त्या माळ्याकडे बघत राहिले आणि व्यवहार तिथेच संपला.

कारण नाना गिरगावातल्या चाळीत वाढले, माळ्यावर. दोन खोल्या, दहा बाय बाराच्या, आणि माणसं नऊ. दिवसा ज्याला कॉट म्हणायचं त्याच्या पोटात गाद्या, गाद्यांच्या मागे सुटकेसा, सुटकेसांत लोकरीचे कपडे, जे मुंबईत कुणीच कधी घातले नाहीत. आरव्हीत शिरल्यावर विक्रेत्याने जेवणाचं टेबल खाली पाडून त्याचा पलंग करून दाखवला, तेव्हा नानांनी त्याला थांबवलं आणि सोफ्याचा पलंग स्वतःच करून दाखवला. विक्रेता म्हणाला म्हणे, की इतक्या झटकन हे करणारं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. "एकतीस फूट लांब, साडेआठ फूट रुंद," नाना सांगतात, "गुणाकार कर. आमच्या दोन खोल्यांपेक्षा मोठी आहे!" यावर वहिनींचं एकच वाक्य ठरलेलं: "त्या दोन खोल्यांतून सुटायलाच आला होतात ना अमेरिकेला?"

हे सगळं २०२१चं. तेव्हा कोरोनाने विमानं आणि हॉटेलं लोकांच्या मनातून उतरवली होती आणि जो तो आपलं अंथरूण बरोबर घेऊन फिरायचं म्हणत होता. त्या एका वर्षात कारखान्यांतून सहा लाख आरव्ही बाहेर पडल्या. विक्रम होता तो. बहुतेक सगळ्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट नावाच्या गावाच्या आसपास बनतात. तिथे आरव्हीचं संग्रहालयदेखील आहे आणि नाना ते बघून आले आहेत. विमानाने.

गाडी घेतली. ती ठेवायची कुठे, हा प्रश्न नानांना ती घरी आणताना, चँडलरमधल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी पडला.

त्यांचं तेव्हाचं घर एका असोसिएशनमध्ये होतं. इथली होमओनर्स असोसिएशन ही आपल्या हाउसिंग सोसायटीची थोरली, अबोल बहीण. सोसायटीचा सेक्रेटरी निदान जिन्यात भेटतो. त्याला गाठून चार शब्द सुनावता येतात. इथे माणूस भेटतच नाही. पत्र येतं. सोबत तुमच्याच दारातल्या तुमच्याच गाडीचा फोटो आणि खाली तारीख-वेळ. घर घेताना नानांनी ज्या जाडजूड नियमावलीवर न वाचता सह्या केल्या होत्या, तिच्यात लिहिलं होतं की आरव्ही रस्त्यावरून नजरेला पडता कामा नये. सामान चढवण्या-उतरवण्यापुरती दारात उभी करायची तर अठ्ठेचाळीस तास. नानांनी हा नियम वाचला आणि त्यांच्यातला गिरगावकर जागा झाला. सत्तेचाळिसाव्या तासाला त्यांनी गाडी बाहेर काढली, कोपऱ्यावरून वळवून आणली, परत लावली. असं तीनदा केलं. चौथ्या पत्रात दोन फोटो होते: एक गाडीचा आणि एक, वळण घेताना स्टिअरिंगवर ओठ चावणाऱ्या नानांचा.

मग आरव्ही गेली भाड्याच्या आवारात. वीस मैलांवर, कुंपणाच्या आत, डावीकडे कुणाची तरी मोटरबोट (वाळवंटात!) आणि उजवीकडे कधीच न हललेला ट्रेलर. दर रविवारी नाना तिथे जायचे, वसतिगृहात ठेवलेल्या मुलाला भेटायला जावं तसे. मी एकदा बरोबर गेलो होतो. इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवलं. मग नाना प्रत्येक चाकापाशी उकिडवे बसले आणि मला टायरची कुंडली वाचायला शिकवली. टायरच्या बाजूवर एक लांबलचक नंबर असतो; त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मवेळ. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२१ म्हणजे २०२१ सालचा बत्तिसावा आठवडा. आरव्हीचे टायर बहुधा झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. ॲरिझोनाच्या उन्हात तर जरा लवकरच. "नखी बघ, अजून नव्यासारखी," नाना म्हणाले, "आणि बदलायचे दिवस जवळ आले." त्यांचा आवाज ऐकून मीच रुमाल शोधू लागलो.

त्या हिवाळ्यात वाळवंटातल्या उंदरांनी वायरी कुरतडल्या, आणि नानांनी जाहीर केलं, की आता हिला घरी आणायचं.

त्याआधी त्यांनी आणखी एक प्रस्ताव मांडून पाहिला होता, तोही नोंदवून ठेवायला हवा. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. थंडीत मिनेसोटापासून कॅनडापर्यंतची निवृत्त मंडळी आपापली चाकांवरची घरं घेऊन तिथल्या सरकारी माळरानावर येऊन पडतात. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत राहायचा परवाना मिळतो. नाना तिथे चार दिवस राहून आले, आणि राहतं घर विकून कायमचं आरव्हीत राहणारं एक जोडपं त्यांना भेटलं. घरी परतल्यावर नानांनी चहा घेता घेता सहज स्वरात विषय काढला. वहिनींनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "देवघर कुठे?" नानांनी पोटमाळा सुचवला. "म्हणजे देवांच्या खाली पाय पसरून तुम्ही गाडी चालवणार?" विषय संपला. तडजोड अशी निघाली, की घर राहील, पण असं, की ज्याच्या कुशीत गाडी राहील.

इथे वहिनींनी एकदा नीट, तर्कशुद्ध शंका काढली. "फिरायला म्हणून गाडी घेतली. तिच्यात घर आहे. आता त्या घरासाठी दुसरं घर घ्यायचं?"

"अगं, सरकारसुद्धा हिला घर मानतं," नाना म्हणाले. आणि ते खरं आहे. अमेरिकेच्या आयकर खात्याच्या हिशेबी झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असली, की आरव्हीदेखील दुसरं घर धरता येते आणि तिच्या कर्जावरच्या व्याजाची सूट मागता येते.

"संडास घरात हवा?" वहिनी म्हणाल्या. "मग तुमचं गिरगावचं घर नव्हतंच तर."

घर शोधायला एक अमेरिकन बाई नेमल्या. बाई हुशार, बोलक्या. दार उघडलं, की दिवाणखान्यातून प्रकाश कसा येतो ते सांगू लागायच्या. त्यांच्या मागे वहिनी. वहिनींचं सगळं लक्ष गॅसच्या वरचा पंखा धूर खरोखर बाहेर टाकतो, की नुसता फिरवून स्वयंपाकघरातच सोडतो, याकडे. (बहुतेक ठिकाणी दुसरंच निघतं. इथल्या घरांना फोडणी ठाऊक नाही.) आणि नाना? नाना घरात आलेलेच नसायचे. ते घराच्या बाजूच्या बोळात, हातात पोलादी टेप. टेपचं दुसरं टोक धरायला मी.

सहा महिन्यांत आम्ही एकवीस घरं पाहिली. त्यातल्या सतरांच्या मोऱ्या, न्हाण्या, कपाटं यांविषयी मी आजही शपथेवर काही सांगू शकणार नाही.

फिनिक्सच्या आसपास घरांना भोवताली सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत असते आणि काहींच्या बाजूला मोठं दुपाखी फाटक. त्याला 'आरव्ही गेट' म्हणतात. जाहिरातीत हे दोन शब्द दिसले, की नाना ऑफिसातून निघायचे. पण 'आरव्ही गेट' हा शब्द आपल्याकडच्या 'स्टेशनपासून पाच मिनिटं'सारखा आहे. अर्थ ज्याचा त्याने लावायचा. पहिलं फाटक नऊ फुटी निघालं. नाना खूश: गाडी साडेआठ, फाटक नऊ. घरी येऊन पेढे वाटायचे बाकी होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की गाडीला आरसे आहेत. दोन्ही बाजूंचे आरसे धरले तर मामला दहा फुटांवर जातो. पोटाचं माप घेतलं होतं, कानांचं राहिलं होतं. दुसऱ्या घराचं फाटक बारा फुटी, पण आत शिरल्या शिरल्या एसीचं धूड जमिनीवर बसलेलं. तिसऱ्याला सगळं होतं, फक्त समोरचा रस्ता इतका चिंचोळा, की वळताना गाडीची शेपटी समोरच्याच्या अंगणातून फिरून आली असती. लांब गाडी उजवीकडे वळली, की मागच्या चाकांच्या मागचा भाग डावीकडे फेकला जातो. हे नानांनी मला त्या घराच्या दिवाणखान्यात, मालकाच्या देखत, आधी केळं आणि मग स्वतःचं शरीर वापरून समजावलं.

सव्विसाव्या आठवड्यात गिल्बर्टकडचं एक जुनं घर पाहिलं, ते मी विसरणार नाही. असोसिएशन नाही. फाटक चौदा फुटी. बाजूला मोकळी जमीन एवढी, की दोन आरव्ही राहाव्यात. फक्त त्या जमिनीला चहूबाजूंनी मातीचे वीतभर उंच बांध घातलेले. नाना म्हणाले, सजावट असेल. मी मात्र जागीच थबकलो. माझं आजोळ श्रीरामपूरकडचं. वाफा ओळखायला मला वेळ लागत नाही. बाईंनी खुलासा केला: या जुन्या भागात कालव्याचं पाणी अजून येतं. ज्याची त्याची पाळी ठरलेली, दारं उघडायचं, अंगण वीतभर पाण्याने भरून घ्यायचं, ते जिरू द्यायचं. पाळी कधी कधी रात्री दोनला येते. कालव्यांची कल्पना इथली शेकडो वर्षांपूर्वीची. होहोकाम लोकांनी खणलेल्या पाटांच्या वाटांवरच आजचे काही कालवे आहेत. माझे मामा रात्री कंदील घेऊन पाटाचं दारं मोडायला जायचे, ते मला त्या अमेरिकन अंगणात उभ्या उभ्या दिसले. मी भारावून काहीतरी बोलणार, एवढ्यात नानांनी बाईंना विचारलं, "वीतभर म्हणजे नक्की किती इंच? माझ्या पायऱ्या जमिनीपासून अकरा इंचांवर आहेत."

'माझ्या' पायऱ्या.

वास्तुशास्त्राला नाना जन्मभर थोतांड म्हणत आले. गाडीसारखी चल वस्तू वायव्येला असावी, असं त्यात सांगतात, हे त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि तेव्हापासून त्यांच्या मते त्या शास्त्रात 'अगदीच तथ्य नाही असं नाही'. पूर्वेचं दार वहिनी मागत होत्या, ते मात्र थोतांडातच राहिलं.

विजेचंही असंच. नानांच्या आरव्हीला तीस अँपिअरची जोडणी पुरते. पण नाना प्रत्येक घरी पन्नासचीच चौकशी करायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "नाना, तीस लागतात तर पन्नास कशाला?" त्यांनी वहिनी ऐकत नाहीत ना हे पाहिलं आणि म्हणाले, "उद्या मोठी घेतली तर?"

मधल्या काळात गाडी अगदीच बसून होती असं नाही. २०२४च्या जूनमध्ये सॅन होजेला बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन झालं, त्याला नाना आरव्ही घेऊन गेले. सातशे मैल जायचे, सातशे यायचे, गॅलनला आठ मैल. पेट्रोलच्या पैशांत अधिवेशनाच्या हॉटेलात चार रात्री राहता आलं असतं आणि वर न्याहारी मिळाली असती. शहरात एवढी गाडी लावायला जागा नाही, म्हणून मुक्काम चाळीस मैलांवरच्या तळावर. तिथून रोज यायचं म्हणजे दुसरी गाडी भाड्याने. नाटकाचा पहिला अंक दोन्ही दिवस हुकला. पण परत आल्यावर नाना नाटकाबद्दल विचारलं, की तळावरच्या नळाला पाण्याचा दाब किती होता ते सांगतात.

आणि जेवणानंतर पाहुण्यांना पूल दाखवतात. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरॅम गावात रेल्वेचा एक पूल आहे, उंची आधी अकरा फूट आठ इंच. वर्षानुवर्षं ट्रकवाले पाटी न वाचता त्याच्याखाली घुसायचे आणि टप सोलून निघायचे. २०१९ साली रेल्वेने तो उचलून बारा फूट चार इंच केला, तरी सोलणं अजून सुरूच आहे. त्याचे व्हिडिओ नाना श्रीखंडाच्या वाट्या हातात असलेल्या माणसांना लावून देतात आणि जुन्या पुलाच्या प्रत्येक धडकेनंतर समाधानाने म्हणतात, "आपण दोन इंचांनी वाचलो असतो." नॉर्थ कॅरोलिनात नानांचं कुणीही नाही.

अखेर बाविसावं घर मिळालं. शहरं वाढताना आजूबाजूची जमीन पोटात घेत गेली आणि मधले काही तुकडे शहरात न येता जिल्ह्याकडेच राहिले. त्यांना इथे काउंटी आयलंड म्हणतात. चहूकडून शहर, मध्ये हा तुकडा, तिथे असोसिएशन नाही. एका शेजाऱ्याकडे घोडे, दुसऱ्याकडे कोंबडे. फाटक सोळा फुटी. सिमेंटचा पट्टा चाळीस फूट, वायव्येला. पन्नास अँपिअर, आणि तेही गाडीच्या डाव्या अंगाला येईल असं. आरव्हीच्या सगळ्या नळ्या-वायरी डावीकडेच असतात, त्यामुळे डावी बाजू महत्त्वाची. बाई म्हणाल्या, घरातही या, आत बघा. नाना म्हणाले, असू दे, असेल चांगलंच. वहिनी आत गेल्या आणि बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या, की स्वयंपाकघर दिवाणखान्यातच उघडतं आणि वरचा पंखा नुसता शोभेचा आहे.

गृहप्रवेशाला आधी गाडीचा प्रवेश झाला. पुढे मी, हात वर करून, "या, या, या" करत. फाटकातून गाडी लोण्यासारखी आत गेली. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत शेपटी फिरली आणि घोडेवाल्याची टपालपेटी खांबासकट आडवी झाली. कुणीतरी म्हणालं, की टपालपेटी मुद्दाम फोडणं हा अमेरिकेत केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. त्यातला 'मुद्दाम' नानांनी ऐकलाच नाही. ते खाली उतरले तेव्हा चेहरा असा, की मला वाटलं आता हात पुढे करून बेड्या मागतात. घोडेवाला चांगला माणूस निघाला. नवी पेटी आणि वहिनींच्या हातच्या करंज्यांवर मिटलं.

याला आता दीड वर्ष झालं.

मागच्या शनिवारी सहज गेलो होतो. आरव्ही पट्ट्यावर उभी, बाजूचा कापडी मांडव उघडलेला, खाली दोन घडीच्या खुर्च्या. एकीवर नाना. जवळ गेलो तशी नाकाला ओळख पटली: बांगडे. आरव्हीच्या दारात पाय ठेवून बघतो तो वहिनी आत, गॅसवर तवा, वर छताचा पंखा घरघरत सगळा वास थेट घोड्यांकडे पाठवतोय. नव्या घराच्या त्या उघड्या स्वयंपाकघरात एकदा मासे तळले, तर सोफ्याला आठवडाभर वास राहिला. तेव्हापासून तळण इथे. मग सुकटीचे डबे इथे आले. मग मोठी परात. मग लोणच्याच्या बरण्या, कारण इथला फ्रिज रिकामाच असतो. पोटमाळ्यावर आता गादी नाही. कुरडया आणि सांडगे आहेत, जुन्या धोतरावर पसरलेले. बाहेर ऊन तापलं, की माळा इतका गरम होतो, म्हणे, की दोन दिवसांत कडक वाळतात.

नानांच्या मांडीवर त्यांची प्रवासाची वही होती. रकाने स्वतः आखलेले: तारीख, मुक्काम, मैल, वीज, पाणी, शेजार. मी मागून डोकावलो. शेवटची तीन पानं एकसारखीच होती. मुक्काम: घर, डावी बाजू. मैल: ०. वीज: ५० (गरज ३०). पाणी: दाब उत्तम. शेजार: घोडे.

"नाना, ऑक्टोबर आला. यलोस्टोनचं काय झालं?"

नानांनी आवाज खाली आणला. "पुढच्या जूनचं बुकिंग करून ठेवलंय. फिशिंग ब्रिजचा तळ. सगळ्या जोडण्या आहेत. फक्त हिला अजून..."

"अहो," आतून वहिनी म्हणाल्या, "जूनमध्ये गाडी हलवायची नाही हं. माळ्यावर पापड असतील."

नानांनी वही मिटली, मान वर करून कापडी मांडवाच्या कडेकडे पाहिलं, आणि मला टेपचं दुसरं टोक धरायला सांगितलं. पट्ट्याच्या पलीकडे भिंतीपर्यंत अजून नऊ फूट दोन इंच जागा उरते.

"छोटीशी 'बी' बसेल," ते पुटपुटले. "आरसे मिटून."